धुळीएवढे बी आणि पाच वर्षांचा धीर

वयाची सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी एखादा विरंगुळा सुचवा, अशी विचारणा दवाखान्यात वारंवार होते. उत्तरेही ठरलेलीच असतात: सकाळी फिरणे, शब्दकोडी, वाचनालय, गच्चीवरची चार तुळशीची रोपे. या लेखात मी आपल्यापुढे जरा अवघड, पण टेबलाशी खुर्चीत बसून करता येण्याजोगा छंद ठेवीत आहे. तो म्हणजे ऑर्किडची रोपे घरच्या घरी बियांपासून वाढवणे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आज पेरलेल्या ऑर्किडच्या बीला फूल यायला साधारण तीन ते पाच वर्षे लागतात, काही जातींना त्याहूनही अधिक. हे ऐकल्यावर पंचाहत्तरीतले गृहस्थ हसतात आणि त्यांची मुले गप्प होतात. त्या हसण्यात आणि त्या गप्प होण्यात जो प्रश्न दडलेला असतो, त्याकडे आपण शेवटी येऊच. आधी हे काम नेमके कसे चालते आणि ते करताना प्रकृती कशी जपावी, ते पाहू.

शिदोरीवाचून निघालेले बी

हरभऱ्याचा दाणा भिजत घातला की दोन दिवसांत मोड येतो, कारण अंकुराला पुरेल इतके अन्न त्या दाण्यातच साठवलेले असते. ऑर्किडच्या बीत असा साठा जवळजवळ नसतोच. एक सूक्ष्म भ्रूण आणि त्याभोवती जाळीसारखे पातळ आवरण, एवढाच त्या बीचा संसार. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. बोंड उकलले की त्या पिवळसर धुळीसारख्या वाऱ्यावर उडतात. मातीत पेरल्या तर बहुधा काहीच उगवत नाही.

निसर्गात हे बी रुजते ते एका विशिष्ट बुरशीच्या आधाराने. बुरशीचे तंतू बीमध्ये शिरतात आणि त्यांच्याकडूनच भ्रूणाला पहिले अन्न मिळते. हे रहस्य १८९९ साली नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने उलगडले. त्यापूर्वी युरोपातील बागायतदार बिया मोठ्या झाडाच्या बुंध्याशी टाकीत आणि नशिबावर हवाला ठेवीत. आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा असा एक धागाही या इतिहासात आहे. इंग्लंडमधील एक्सेटर गावच्या जॉन हॅरिस नावाच्या शल्यवैद्याने व्हीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन डोमिनी या माळ्याला ऑर्किडच्या फुलाची रचना समजावून हाताने परागीकरण करण्याची कल्पना दिली. त्या खटपटीतून निर्माण झालेले पहिले संकरित ऑर्किड १८५६ साली फुलले.

पुढचे मोठे पाऊल १९२२ मधले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील लुईस नडसन यांनी दाखवून दिले, की बुरशी नसली तरी चालते. क्षार आणि साखर असलेल्या, आगरने घट्ट केलेल्या निर्जंतुक खाद्यावर ऑर्किडचे बी रुजते. बुरशी जे अन्न पुरवते तेच आपण बाटलीतून पुरवायचे, एवढेच या युक्तीचे सार. आज बाजारात दिसणारी ऑर्किडची असंख्य रोपे प्रयोगशाळेतील अशाच बाटल्यांतून येतात. आणि ही युक्ती स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या साहाय्याने घरीही साधते.

कोणते ऑर्किड निवडावे?

ऑर्किड म्हणजे परदेशी, श्रीमंती फूल असा आपला समज असतो. वास्तविक सह्याद्रीत ती विपुल आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर माळावर पांढरी फुले घेऊन उभी राहणारी आषाढ आमरी हे ऑर्किडच. झाडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस सोडणारी सीतेची वेणीही ऑर्किडच. तिलाच आसामात कोपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या वेळी तेथील मुली ती केसांत माळतात. आपल्या आइस्क्रीममधील व्हॅनिला हीदेखील एका ऑर्किडचीच शेंग आहे. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडला पुष्कळ लोक बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते आणि ऑर्किड झाडाकडून केवळ आसरा घेते.

रानातील ऑर्किड किंवा त्यांची बोंडे मात्र घरी आणू नयेत. त्यांची संख्या घटत चालली आहे आणि संपूर्ण ऑर्किड कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे. घरच्या प्रयोगासाठी रोपवाटिकेत सहज मिळणारी डेंड्रोबियम किंवा फॅलिनॉप्सिस उत्तम. एकाच प्रकारची दोन फुललेली रोपे जवळ असली की काम सुरू करता येते.

फुलाच्या मधोमध एक छोटा खांब दिसतो. त्याच्या टोकाशी बारीक टोपी असते. दातकोरणीने ती हलकेच उचलली, की टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे परागपुंज दातकोरणीला चिकटून येतात. दुसऱ्या रोपाच्या फुलात त्याच खांबाच्या खालच्या बाजूस एक चिकट खळगी असते, तिच्यात हे पुंज ठेवायचे. काही दिवसांत फूल कोमेजते आणि जमले असेल तर त्याच्या मागचा देठ फुगू लागतो. तेच बोंड. बाजारातील काही संकरित रोपे बी धरत नाहीत, म्हणून चार-पाच फुलांवर प्रयत्न करावा आणि प्रत्येक फुलाला तारखेची चिठ्ठी बांधावी. या दोन प्रकारांत बोंड तयार व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. ते उकलण्याच्या थोडे आधी, हिरवे असतानाच घेतले तर काम सोपे होते, कारण बंद बोंडाच्या आतील बिया मुळातच निर्जंतुक असतात.

बाटलीतले खाद्य

साखर, पाणी आणि ऊब हे मिश्रण ऑर्किडला जितके आवडते तितकेच ते बुरशीला आणि जिवाणूंनाही आवडते, आणि ती मंडळी ऑर्किडच्या कितीतरी पट वेगाने वाढतात. म्हणून या छंदातील निम्म्याहून अधिक कष्ट निर्जंतुकीकरणाचे आहेत. ज्यांनी दवाखान्यात काचेच्या सिरिंज उकळण्याचे दिवस पाहिले आहेत त्यांना हे काम परके वाटणार नाही.

अर्धा लिटर खाद्याचे साधे प्रमाण असे: पाणी सव्वाचारशे मिलिलिटर, शहाळ्याचे गाळलेले पाणी ७५ मिलिलिटर, साखर १० ग्रॅम, आगर-आगर म्हणजे चायना ग्रासची पूड ४ ग्रॅम आणि पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत अर्धा ग्रॅम. खताच्या बाबतीत हात सैल सोडू नये, वजनकाट्यावर मोजूनच घ्यावे. मिश्रण किंचित आम्ल असावे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्टीवर साडेपाचच्या आसपास आकडा दिसला की पुरे. जास्त दिसल्यास लिंबाच्या रसाचे एकदोन थेंब घालावेत. आगर पूर्ण विरघळेपर्यंत मिश्रण उकळावे आणि जॅमच्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या काचेच्या दहा बाटल्यांत सुमारे ५० मिलिलिटर ओतावे. प्रत्येक झाकणाला आधीच बारीक भोक पाडून त्यात कापूस घट्ट बसवावा. रोपाला हवा मिळते आणि बुरशीचे बीजाणू अडतात.

कुकरमध्ये तळाशी जाळी, तीन-चार सेंटिमीटर पाणी आणि त्यावर सैल झाकणांच्या बाटल्या ठेवाव्यात. झाकणांवर ॲल्युमिनियमचा कागद घालावा. नेहमीच्या शिटीच्या कुकरमध्ये दाब पूर्ण चढल्यावर आतील तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. इस्पितळातील ऑटोक्लेव्हचे तत्त्वही हेच. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून २० मिनिटे ठेवावे. नंतर कुकर आपोआप निवू द्यावा. शिटी उचलून वाफ काढली तर बाटल्यांतले खाद्य उसळून झाकणाला लागते. पाच लिटरच्या कुकरमध्ये चार-पाच बाटल्या मावतात, म्हणून दोन खेपा कराव्या लागतील. चिमटा, लहान चमचा आणि थोडे पाणी भरलेली एक बाटलीही याच वेळी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कुकरमध्ये घालावी.

तयार बाटल्या आठ दिवस तशाच ठेवाव्यात. ज्यांत या काळात काही उगवले नाही त्याच वापरायच्या. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतही कल्चरची थाळी अशीच तपासून घेतात. या एका आठवड्याच्या धीराने पुढची पुष्कळ निराशा टळते.

पेरणीचा दिवस

पेरणीसाठी एक पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पेटी घ्यावी, तिच्या एका बाजूला हात जातील अशी दोन भोके पाडावीत आणि आतून ती स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. खोलीतील पंखा बंद, खिडक्या बंद. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, केमिस्टकडे मिळणारे हातमोजे आणि तोंडाला मास्क लावावा. काम चालू असताना बोलू नये. शस्त्रक्रियागृहातील शिस्तीची ही घरगुती आवृत्ती आहे.

बोंड आधी ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून धुवावे. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात ते १५ मिनिटे बुडवावे. मग कुकरमधून काढलेल्या निर्जंतुक पाण्याने धुऊन पेटीत ठेवावे आणि नव्या सर्जिकल ब्लेडने उभे चिरावे. आतील पांढरट किंवा पिवळसर बी चमच्याच्या टोकावर अगदी थोडे घेऊन खाद्यावर पातळ पसरावे आणि झाकण लगेच लावावे. प्रत्येक बाटलीवर तारीख, दोन्ही रोपांची नावे आणि पेरणाऱ्याचे नाव लिहावे.

दहा बाटल्या पेरल्या तर त्यातील काही बिघडणार, हे मनाशी धरूनच बसावे. तीन-चार दिवसांत करडा, हिरवा किंवा काळा कापूस दिसू लागला तर ती बुरशी, आणि चिकट, दुधाळ थर दिसला तर ते जिवाणू. अशी बाटली उघडून पाहण्याचा मोह टाळावा. झाकणासकट ती पुन्हा कुकरमध्ये अर्धा तास शिजवावी आणि मगच धुवावी.

वाट पाहण्याचा काळ

बाटल्या उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवाव्यात. उन्हात ठेवलेली बंद बाटली काही मिनिटांत भट्टी होते. २२ ते २८ अंश तापमान सर्वांत मानवते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी उन्हाळ्यात घरातील सर्वांत थंड खोली निवडावी आणि एलईडी दिव्याचा बारा तास उजेड द्यावा.

चार ते आठ आठवड्यांत, कधी त्याहूनही उशिरा, बिया फुगतात आणि हिरव्या होतात. त्या हिरव्या मण्यांना प्रोटोकॉर्म म्हणतात. त्यांना अजून पान नाही, मूळ नाही. बृहद्दर्शक भिंगातून पाहिले तर खाद्यावर बारीक हिरवी खसखस पेरल्यासारखे दिसते. मग टोकाशी पहिले पान फुटते, त्यानंतर मूळ. तीन-चार महिन्यांनी दाटी झाली की पेटीत पुन्हा तीच शिस्त पाळून रोपे नव्या बाटल्यांत विरळ लावावीत. साधारण वर्षभराने पाने तीन-चार सेंटिमीटरची आणि मुळे दोन-तीन झाली की रोपे बाहेर काढता येतात. कोमट पाण्याने आगर पूर्ण धुवावे, कारण उरलेल्या साखरेवर बुरशी धरते. मग कोळशाचे बारीक तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या एका उथळ कुंडीत पंधरा-वीस रोपे एकत्र लावावीत आणि पहिले दोन-तीन आठवडे त्यांवर पारदर्शक झाकण ठेवावे. पावसाळ्यातली दमट हवा या बदलीला चांगली आणि एप्रिल-मे अगदी वाईट.

पेरणीचा खटाटोप झेपणार नसेल तर मधूनही प्रवेश करता येतो. काही प्रयोगशाळा आणि रोपवाटिका रोपांनी भरलेल्या तयार बाटल्या विकतात. तेथून पुढचे संगोपन घरी करण्यात कमीपणा काही नाही.

प्रकृती सांभाळताना

आता माझ्या खात्याकडे वळतो. ऑर्किडने रक्तदाब उतरतो किंवा स्मृती परत येते, असे मी आपल्याला सांगणार नाही. ते औषध नाही आणि चालू असलेल्या कोणत्याही औषधाला पर्यायही नाही. उलट या कामातील काही धोके आधीच ओळखून ठेवले पाहिजेत.

पहिला धोका रसायनांचा. ब्लीच आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. ब्लीच स्पिरिटमध्येही मिसळू नये. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेल्यांनी ब्लीचचे काम दुसऱ्यावर सोपवावे. पातळ केलेले ब्लीच पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. विसराळूपणा असलेल्या घरात यातून जिवावरचे प्रसंग ओढवतात.

दुसरा धोका आगीचा. इंग्रजी पुस्तकांत अवजारे स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरण्याची पद्धत दिलेली असते. घरात, विशेषतः हात थरथरणाऱ्या व्यक्तीने, ती मुळीच वापरू नये. स्पिरिट उघडे असताना खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा पेटता गॅस नको. कुकर उचलणे आणि ब्लेड वापरणे ही कामेही घरातील धडधाकट माणसाने करावीत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे.

तिसरा धोका मातीतल्या जंतूंचा. ऑर्किडसाठी वापरले जाणारे स्फॅग्नम मॉस हाताला टोचल्या-खरचटल्या जागी लागले तर क्वचित स्पोरोट्रायकोसिस नावाचा बुरशीजन्य विकार होतो. १९८८ साली अमेरिकेत मॉसमध्ये बांधलेली रोपे हाताळणाऱ्या ८४ जणांना तो झाल्याची नोंद आहे. बोटावर न दुखणारी गाठ येऊन ती फुटली आणि हातावर वरच्या दिशेने आणखी गाठी ओळीने उठू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे आणि बागकाम करीत असल्याचे आवर्जून सांगावे. कुंडीच्या मिश्रणाची धूळ नाकात गेल्याने फुप्फुसाचा संसर्गही होऊ शकतो. म्हणून कोळसा, सोडणे, मॉस हे सर्व आधी ओले करावे, हातमोजे व मास्क वापरावा. मधुमेहींनी काम संपल्यावर हातांना कोठे चीर पडली आहे का ते उजेडात पाहावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते तेही आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी बुरशी धरलेल्या बाटल्यांना हात लावू नये, आणि छंद सुरू करण्यापूर्वीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे.

चौथा धोका दिसायला क्षुल्लक, पण माझ्या मते सर्वांत मोठा, तो म्हणजे पडण्याचा. बाल्कनीतील फरशीवर सांडलेले पाणी आणि त्यावरून घसरून मोडलेले खुब्याचे हाड, ही साखळी आम्ही फार वेळा पाहतो. कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात, म्हणजे वाकून एकदम उठताना येणारी भोवळही टळते. पाणी घालताना रबरी तळाच्या चपला घालाव्यात. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी, नाहीतर ऑर्किडबरोबर डेंग्यूच्या डासांचीही जोपासना होईल.

सांभाळणाऱ्यांसाठी

आता थोडे त्यांच्याशी, जे घरातील वृद्धांची काळजी घेतात. आपल्या दिवसातील संभाषण हळूहळू किती आकसत जाते, ते आपल्या ध्यानात आले असेल. गोळी घेतली का, पोट साफ झाले का, झोप लागली का. प्रश्न विचारणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा. प्रेम असतेच, पण ते चौकशीच्या स्वरात बोलू लागते. हा छंद या दोघांना एका टेबलाच्या एकाच बाजूला बसवतो, हे त्याचे मोल मला अधिक वाटते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना कंपवात आहे. चमच्यातले बी बाटलीत नेमके टाकणे त्यांना शक्य नाही, ते त्यांची सून करते. त्यांच्याकडे भिंग आणि वही आहे. रोज सकाळी ते प्रत्येक बाटली पाहून थरथरत्या अक्षरात नोंद करतात. तपासणीला आले की पूर्वी सूनबाई तक्रारींची यादी वाचीत आणि ते खिडकीबाहेर पाहत बसत. आता रक्तदाब मोजता मोजता सूनबाई विचारतात, “अप्पा, डॉक्टरांना सांगा ना, तिसऱ्या बाटलीत काय दिसलं ते.” आणि अप्पा सांगू लागतात. त्यांचा कंप कमी झालेला नाही. गोळ्या तितक्याच आहेत. मात्र त्या खोलीत बोलणारे माणूस आता एक नाही, दोन आहेत.

कामे वाटताना एवढे लक्षात ठेवावे: जे काम वृद्ध व्यक्तीला जमते ते आपण उरकून टाकू नये, आणि जे जमत नाही त्याचा आग्रह धरू नये. नजर अधू असेल तर बाटल्या मोजणे, तारखा सांगणे. हात थरथरत असेल तर निरीक्षण. स्मृती दगा देत असेल तर पाटीवर रोजचे एकच काम मोठ्या अक्षरात लिहून ठेवणे. बाटली बिघडली तर दोष कोणाचा हे शोधू नये. चुकीचे खापर एकदा वृद्धांच्या विसराळूपणावर फुटले की ते पुन्हा त्या टेबलाकडे येत नाहीत.

आणि तो प्रश्न

‘फूल येईल तेव्हा मी असेन का?’ हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारील, कोणी विचारणार नाही. डॉक्टर म्हणून मी त्याचे उत्तर देऊ शकत नाही आणि कोणीही देऊ शकत नाही. पंचाहत्तरीत पेरणी करून ऐंशीव्या वर्षी स्वतः फूल पाहणारे असतील, आणि न पाहणारेही असतील. घरातील माणसे हा प्रश्न आला की घाईघाईने विषय बदलतात, ‘असं काही बोलू नका’ म्हणतात. तसे करू नये, अशी माझी विनंती आहे. या वयात पुढच्या पाच वर्षांबद्दल बोलण्याची संधी फार थोड्या वेळा मिळते, आणि बाटलीतले हिरवे मणी ती सहज मिळवून देतात.

माझा सल्ला व्यवहारी आहे. बाटलीवर पेरणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक नाव लिहावे, ही रोपे पुढे सांभाळील त्याचे. एका बोंडातून एका घराला पुरून उरतील इतकी रोपे सहज निघतात. एक कुंडी नातीला, एक शेजारच्यांना, एक जुन्या मित्राला, अशी वाटणी हयातीतच करता येते आणि ती करताना ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या मृत्युपत्रात लिहिता येत नाहीत. औषधोपचाराबद्दलच्या आपल्या इच्छा, कोणाजवळ राहावेसे वाटते, कशाची भीती वाटते, हे विषय पुष्कळदा अशाच कामाच्या ओघात, नजर बाटलीकडे असताना निघतात. ते निघाले तर ऐकून घ्यावे.

शिवाय फूल हे या छंदाचे एकमेव फळ नाही. पहिली स्वच्छ राहिलेली बाटली आठव्या दिवशी हाती येते. पहिला हिरवा ठिपका दीड-दोन महिन्यांत दिसतो. पहिले पान, पहिले मूळ, पहिली कुंडी, प्रत्येकाची एक तारीख असते आणि ती वहीत लिहिता येते. दुखण्याच्या तारखांनी भरलेल्या फायलीशेजारी अशी दुसरी एक वही घरात असणे चांगले.

सुरुवात करायची असेल तर या महिन्यात एवढेच करावे: एकाच जातीची फुललेली दोन रोपे आणावीत, चांगल्या उजेडात दातकोरणीने परागपुंज एका फुलातून दुसऱ्यात ठेवावेत, देठाला तारखेची चिठ्ठी बांधावी. बोंड तयार व्हायला चार-सहा महिने आहेत. तोवर जॅमच्या बाटल्या जमतील.